स्थानिक कोण? नोकरीच्या दारातील भाषेची चाचणी

१५ जुलै २०२४ रोजी कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने स्थानिक उमेदवारांच्या रोजगारासंबंधीचे एक विधेयक मंजूर केले आणि दोनच दिवसांत ते स्थगित ठेवले. खाजगी उद्योगांतील व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि अन्य ७० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, अशी त्यातील तरतूद होती. बेंगळुरूच्या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाने आक्षेप घेताच सरकारने पाऊल मागे घेतले. त्या दोन दिवसांत जी चर्चा झाली ती बहुतेक टक्क्यांची झाली. ५० योग्य की ७०, उद्योग राहतील की परराज्यात जातील, याच प्रश्नांभोवती ती फिरत राहिली. 'स्थानिक' या शब्दाची व्याख्या काय केली आहे, याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. आम्हा सीमाभागातील मराठी भाषकांना मात्र टक्केवारीपेक्षा ती व्याख्याच अधिक महत्त्वाची वाटते. विधेयक बासनात गेले असले तरी व्याख्या जिवंत आहे, आणि पुढच्या कोणत्याही मसुद्यातून ती पुन्हा डोके वर काढू शकते.

त्या व्याख्येनुसार स्थानिक उमेदवार म्हणजे कर्नाटकात जन्मलेला, तेथे पंधरा वर्षे वास्तव्य असलेला, कन्नड स्पष्टपणे बोलू, वाचू आणि लिहू शकणारा, आणि नियुक्त संस्थेची आवश्यक ती चाचणी उत्तीर्ण झालेला. ज्याच्या माध्यमिक शालान्त प्रमाणपत्रावर कन्नड हा विषय नाही, त्याला भाषेची परीक्षा द्यावी लागणार होती.

पहिल्या दोन अटींबद्दल आमची तक्रार नाही. जन्म आणि वास्तव्य या दोन्ही कसोट्यांवर बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस सहज उतरतो. आमच्या पूर्वजांनी गाव सोडले नाही. बदलत गेली ती राज्ये. मुंबई इलाखा गेला, मुंबई राज्य आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्य आले आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याचे नाव कर्नाटक झाले. माणूस जागचा हलला नाही, सीमारेषा मात्र त्याच्या डोक्यावरून सरकत गेली. अशा माणसाला स्थानिक म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

१९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्याला मिळाला, परंतु त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवण्यात आला. एका जिल्ह्याचे शेजारी, एकाच बाजाराला येणारे आणि एकमेकांत सोयरिकी करणारे लोक दोन राज्यांत विभागले गेले. आज चंदगडचा तरुण महाराष्ट्रात जन्माने आणि रहिवासाने स्थानिक ठरतो. बेळगाव तालुक्यातील त्याच्या मामेभावाला मात्र स्वतःच्या घरात स्थानिक ठरण्यासाठी भाषेचा दाखला जोडावा लागेल. भूमी तीच आणि रक्तही तेच असताना, केवळ रेषेने एकाला घरमालक आणि दुसऱ्याला भाडेकरू करावे, याला न्याय म्हणता येत नाही.

यावर एक उत्तर तयार असते: "तुमची मुले शाळेत कन्नड शिकतातच, मग चाचणीचे भय कशाला?" होय, शिकतात. २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याच्या आधीही सीमाभागातील मराठी शाळांत कन्नड शिकवली जात होती, आणि ती शिकण्यास आमचा विरोध नाही. ज्या राज्यात राहायचे त्याची भाषा येणे हा व्यवहार आहे, आणि शेजाऱ्याची भाषा येणे हा संस्कार आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. एखाद्या कामासाठी भाषा आवश्यक असणे ही पात्रतेची अट झाली. माणूस या भूमीचा आहे की नाही हे भाषेवरून ठरविणे ही ओळखीची अट झाली. यंत्रावर काम करणाऱ्या कारागिराला कन्नड किती हवी, हे त्याचे काम ठरवील. तो बेळगावचा आहे की नाही, हे कोणत्याही भाषेचा पेपर ठरवू शकत नाही. पात्रतेची अट चुकली तर दुरुस्त करता येते. ओळखीची अट एकदा मान्य केली, तर माणूस आपल्याच गावात उपरा ठरतो.

येथे आम्हाला एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. आम्ही आरक्षणाच्या विरोधात नाही. गुणवत्तेच्या नावाने जे लोक सामाजिक न्यायाची चेष्टा करतात, त्यांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. बेळगावपासून फार दूर नसलेल्या करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवण्याची आज्ञा काढली. दक्षिणेकडे म्हैसूर संस्थानात १९१८ साली लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तेथेही मागास वर्गांसाठी नोकऱ्यांची दारे उघडण्याचे धोरण आले. म्हणजे या सीमेच्या दोन्ही बाजूंना राखीव जागांचा वारसा शंभर वर्षांहून जुना आहे. मराठी आणि कन्नड या दोन्ही समाजांनी अभिमानाने सांगावा असा तो समाईक ठेवा आहे.

त्या दोन्ही निर्णयांमागील तत्त्व कोणते होते? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले गेले, त्याला आत घेण्यासाठी सत्तेने आपला हात पुढे करावा, हे ते तत्त्व. आरक्षण दुर्बळाला उंबरठा ओलांडायला मदत करते. भाषेची चाचणी जोडलेले 'स्थानिक' आरक्षण नेमके उलटे काम करते. राज्याची सत्ता, प्रशासन, शाळा आणि न्यायालये ज्या भाषेत चालतात, त्या भाषेच्या समाजाला ते आणखी एक किल्ली देते आणि भाषिक अल्पसंख्याकाच्या दाराला आणखी एक कडी लावते. रायचूरच्या किंवा चामराजनगरच्या गरीब कन्नड मुलाला बेंगळुरूच्या चकचकीत कचेऱ्यांत प्रवेश मिळत नाही, हे दुःख खरे आहे. सरोजिनी महिषी समितीने १९८६ च्या अहवालात कन्नडिगांच्या रोजगारासंबंधी ज्या ५८ शिफारशी केल्या, त्यांच्या मुळाशी हीच वेदना होती. त्या मुलाशी आमचे भांडण नाही. त्याला संधी हवी म्हणून खानापूरच्या मराठी मुलाची संधी काढून घ्यावी लागते, हे गणित आम्हाला मान्य नाही. दोघेही त्या चकचकीत कचेरीच्या बाहेरच उभे आहेत.

आता राज्यघटना काय म्हणते ते पाहू. अनुच्छेद १६ (२) नुसार सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास एवढ्याच कारणांवरून कोणाही नागरिकाला अपात्र ठरविता येत नाही. या यादीत 'भाषा' हा शब्द नाही. अनुच्छेद २९ (२) मध्ये मात्र तो आहे: सरकारी किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे मराठी मुलाला महाविद्यालयाच्या दारात भाषेवरून अडविता येत नाही, पण पदवी घेऊन तो नोकरीच्या दारात आला की त्याच स्पष्ट शब्दांतले कवच त्याच्यापाशी नसते. शिकण्याचा हक्क आहे आणि शिकलेले वापरण्याचा हक्क मात्र सौजन्यावर अवलंबून आहे, अशी ही अवस्था झाली.

राज्यपुनर्रचनेच्या वेळी ही फट कोणाच्याच लक्षात आली नव्हती असे नाही. राज्यपुनर्रचना आयोगाने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र विचार केला होता. त्याच्या आधारे केंद्र सरकारने १९५६ साली संरक्षणविषयक निवेदन संसदेपुढे ठेवले, आणि १९६१ साली मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने त्याची पुष्टी केली. त्यातील नोकरीविषयक तत्त्व अगदी सरळ आहे. राज्याच्या राजभाषेचे ज्ञान ही सेवेत प्रवेश करण्याची पूर्वअट असू नये. निवड झाल्यानंतर आणि परिवीक्षेचा काळ संपण्यापूर्वी राजभाषेची परीक्षा घ्यावी. याच काळात, १९५७ साली, संसदेने सार्वजनिक नोकऱ्यांतील निवासाच्या अटी रद्द करणारा कायदा केला. अनुच्छेद ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूदही सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्येच झाली. रेषा ओढताना ज्यांनी आम्हाला पलीकडे टाकले, त्यांनीच ही हमीपत्रे आमच्या हातात ठेवली होती.

त्या हमीचे आज काय झाले आहे? कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत सक्तीची कन्नड परीक्षा निवडीच्या आधी उत्तीर्ण व्हावी लागते. शिवाय दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी अशी सोय नाही. 'आधी निवड, मग भाषा' हा क्रम उलटा झाला आणि 'आधी भाषा, मग निवड' असा झाला. क्रमातील हा बदल दिसायला लहान आहे. पण आधी घेतलेली परीक्षा गाळण्यासाठी असते आणि नंतर घेतलेली परीक्षा घडविण्यासाठी. पहिलीत नापास झालेला तरुण घरी जातो, दुसरीत नापास झालेला तरुण पुन्हा अभ्यास करतो. परिवीक्षेच्या काळात रोज कचेरीत कन्नड ऐकणारा, लिहिणारा मराठी कर्मचारी ती भाषा जितकी शिकेल, तितकी बाहेर उभा राहून पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांतून शिकणार नाही. कन्नड वाढावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर आमच्या मागणीला पाठिंबाच द्यायला हवा.

भाषेशिवाय स्थानिकत्व ठरविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याच राज्याच्या ईशान्य टोकाकडे पाहावे. ९८ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ज आला आणि २०१३ च्या आदेशान्वये हैदराबाद-कर्नाटक विभागात स्थानिकांसाठी नोकऱ्या राखीव झाल्या. गट अ आणि ब मध्ये ७५ टक्के, गट क मध्ये ८० टक्के आणि गट ड मध्ये ८५ टक्के. तेथे स्थानिक कोण? त्या विभागात जन्मलेला, किंवा १ जानेवारी २०१३ पूर्वी किमान दहा वर्षे तेथे राहिलेला. बिदर जिल्ह्यातील भालकीचा किंवा औरादचा मराठी भाषक या व्याख्येत बसतो. त्याची मातृभाषा तेथे आड येत नाही. मग एकाच राज्यात भालकीचा मराठी माणूस भूमीमुळे स्थानिक आणि बेळगावचा मराठी माणूस भाषेमुळे संशयित, ही दोन मापे कशासाठी? त्याच हैदराबाद संस्थानात १९१९ साली आलेल्या मुलकी नियमांनीसुद्धा जन्म किंवा पंधरा वर्षांचे वास्तव्य पाहिले होते. हैदराबादच्या आमच्या मराठी वाचकांना 'मुलकी' हा शब्द वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. निजामाच्या दरबाराला जे सुचले, ते लोकशाही सरकारला सुचू नये याचे आश्चर्य वाटते.

नियम कागदावर कितीही निर्दोष केले, तरी खरा निवाडा पुष्कळदा बंद खोलीत होतो. ती खोली मुलाखतीची. लेखी उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. मुलाखतीत चेहरा, आडनाव, गाव आणि उच्चार असतात. मातृभाषा कोणती, शाळा कोणत्या माध्यमाची, घरी कोणते वर्तमानपत्र येते, हे प्रश्न वरवर गप्पांचे वाटतात. पण सीमाभागात त्यांचा रोख उमेदवारालाही कळतो आणि विचारणाऱ्यालाही. उत्तर चुकले म्हणून गुण गेले तर कोणाची तक्रार नाही. कन्नड बोलताना मराठी वळण डोकावले म्हणून गुण गेले, तर ते गुण कोणत्या रकान्यात कापले हे कोणालाच कधी कळत नाही. अन्याय झाला असे सिद्ध करता येत नाही, आणि झाला नाही अशी खात्रीही बाळगता येत नाही. तरुणांच्या मनात जी कटुता साचते ती या अनिश्चिततेतून.

न्यायालयांनी हा धोका ओळखला आहे. अजय हसिया खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशासाठीच्या तोंडी परीक्षेला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल असे सांगितले, आणि मुलाखत ध्वनिमुद्रित करणे इष्ट असल्याचेही सुचविले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांसाठीच्या मुलाखतीच बंद केल्या. खालच्या पदांसाठी मुलाखतीवाचून केंद्राचे काही अडले नाही. तर मग राज्याच्या कचेऱ्यांत, मंडळांत, महामंडळांत आणि स्थानिक संस्थांत जेथे जेथे अजून मुलाखत हाच निवाडा आहे, तेथे ती रद्द करण्यास किंवा तिचे गुण मर्यादित करून ती मुद्रित करण्यास कोणती हरकत आहे?

कामाची भाषा हा मुद्दाही शेवटपर्यंत नेऊ या. नागरिकाशी त्याच्या भाषेत बोलता यावे म्हणून कर्मचाऱ्याला भाषा यायला हवी, हे आम्हाला मान्य आहे. मग खानापूर तालुक्यातील मराठी गावात नेमलेल्या तलाठ्याला, परिचारिकेला, अंगणवाडी सेविकेला मराठी का येऊ नये? आजारी म्हातारीने आपले दुखणे कोणत्या भाषेत सांगायचे? सेवेसाठी भाषा हा युक्तिवाद प्रामाणिक असेल, तर तो नागरिकाच्या बाजूने चालला पाहिजे. सीमाभागातील अशा पदांसाठी मराठीचे ज्ञान ही जमेची बाजू ठरली पाहिजे. आज ती बहुधा लपविण्याची गोष्ट ठरते.

एवढे कर्नाटकाविषयी झाले. आता मुंबईकडे तोंड करून दोन शब्द. सीमाभागातील तरुणाची स्थिती 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' अशी झाली आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ८६५ गावे आपली असल्याचे सांगितले. २००८ च्या शासकीय परिपत्रकाने या गावांतील मराठी भाषकांना, पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर, महाराष्ट्राच्या सेवांसाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु एका राज्याच्या यादीतील जात दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी धरली जात नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात घालून दिले. स्थलांतरिताला लावलेले हे तत्त्व न हललेल्या माणसालाही लागले, तर सीमाभागातील दलित मराठी तरुण महाराष्ट्राच्या दारात खुल्या गटात उभा राहतो. म्हणजे सीमाप्रश्नाचा सर्वांत जड भार आमच्यातल्या सर्वांत दुबळ्याच्या खांद्यावर येतो. न्यायालयात 'ही माणसे आमची' म्हणणाऱ्या राज्याने भरतीच्या जाहिरातीतही ती आपली आहेत असे म्हणावे, आणि त्यासाठी काय कायदेशीर वाट काढता येईल ते स्पष्टपणे सांगावे.

आम्ही जे मागतो ते दुसऱ्यालाही दिले पाहिजे, नाही तर 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कारटे' असे होईल. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड भाषक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. महाराष्ट्रात सेवेत आलेल्या अमराठी कर्मचाऱ्यासाठी एतदर्थ मंडळाची मराठी भाषा परीक्षा असते, आणि ती नेमणुकीनंतर द्यायची असते. हीच रीत योग्य आहे, आणि जतच्या कन्नड मुलाला तिचा पूर्ण लाभ मिळाला पाहिजे. कर्नाटकातील कन्नड संघटनाही कासरगोडच्या कन्नडिगांसाठी हाच न्याय केरळकडे मागत आल्या आहेत; कन्नड शाळांत कन्नड न येणारे शिक्षक नेमले जातात, ही तेथील जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. कासरगोडला जे रास्त ते बेळगावला गैर कसे? गोव्यातील जाहिरातींत 'कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट' असे शब्द असतात. कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे, तिचा मान राखलाच पाहिजे. पण १९८७ च्या कायद्याने मराठीलाही शासकीय वापरात स्थान दिले आहे, तर नियुक्तीनंतर कोकणी शिकण्याची मुदत देण्याचा मार्ग तेथेही खुला हवा. आणि सीमाभागातील मराठी माणसांच्या शाळा, पतसंस्था, सहकारी संस्था यांनाही हीच फूटपट्टी लागू आहे. तेथील नोकरी नात्यागोत्याने आणि वशिल्याने मिळता कामा नये. सरकारकडे न्याय मागणाऱ्याच्या घरात तो आधी नांदला पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली, स्थानिकत्व जन्माने आणि वास्तव्याने ठरावे; भाषेची चाचणी त्या व्याख्येतून वगळावी. दुसरी, १९५६ आणि १९६१ च्या हमीप्रमाणे राजभाषेची परीक्षा निवडीनंतर, परिवीक्षेच्या काळात घ्यावी आणि तिच्या तयारीसाठी सरकारनेच वर्ग चालवावेत. तिसरी, कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद कराव्यात. जेथे त्या ठेवायच्या असतील तेथे गुणांना मर्यादा असावी आणि संभाषण मुद्रित व्हावे. चौथी, मराठी वस्तीच्या गावांत जनतेशी थेट संबंध येणाऱ्या पदांसाठी मराठीच्या ज्ञानाला अधिक गुण असावेत. पाचवी, महाराष्ट्राने ८६५ गावांतील मागासवर्गीय उमेदवारांचा प्रश्न निकाली काढावा.

यातील एकाही मागणीने कन्नड भाषेचा केसालाही धक्का लागत नाही. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. नोकरीच्या वयाची मर्यादा मात्र त्या निकालाची वाट पाहत थांबत नाही. दर वर्षी तरुणांची एक तुकडी ती ओलांडून पुढे जाते, आणि तिला परत बोलावून संधी देण्याची सोय कोणत्याही न्यायालयापाशी नाही. म्हणूनच या मागण्यांना सीमाप्रश्नाच्या तारखांशी बांधून ठेवू नका, एवढेच दोन्ही सरकारांना आमचे सांगणे आहे.